व्यसनाचे दोन पाठ : प्रयोगशाळा आणि ‘गर्द’

मेंदूतील अफूवर्गीय रिसेप्टरांवर कार्य करणारे ब्युप्रेनॉर्फिन दिल्यास ऱ्हीसस माकडांचे कोकेनसेवन घटते, असे नॅन्सी मेलो व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखविले. तथापि कोकेनच्या व्यसनावर मान्यताप्राप्त औषध अद्याप उपलब्ध नाही. प्रयोगात मोजली जाते ती प्राण्याची कृती. व्यसनी माणसाची लाज व तुटलेली नाती त्या मापाबाहेर राहतात. डॉ. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’मधील द्रव्य वेगळे, हेरॉइनचे, परंतु हे पुस्तक नेमके त्या उणिवेपाशी पोहोचते. उलट, रिसेप्टरांची क्रिया अशा अनुभवकथनास दिसत नाही. १९८६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘मुक्तांगण’ने उपचारांत समूहाचा आधार महत्त्वाचा मानला. म्हणूनच जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील विज्ञान व मराठी विभागांनी हे दोन्ही पाठ एकत्र अभ्यासणे अगत्याचे ठरते.