वाढत्या घराचा काळ

महानगरीय साहित्याची चर्चा करताना मराठी समीक्षेने चाळ आणि झोपडपट्टी हे दोनच ध्रुव प्रायः गृहीत धरले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (1958) वास्तू स्मरणरंजनाच्या उंबरठ्यावर उभी आहे, जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’मध्ये (1963) ती केव्हाही हिरावली जाईल अशी. हा विरोध ठसठशीत आहे, आणि समीक्षेला सोयीचाही.

कांदिवली पश्चिमेचे चारकोप या मांडणीत बसत नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1985 साली सुरू झालेल्या प्रकल्पात म्हाडाने येथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना पाणी व मलवाहिनीची सोय असलेले छोटे भूखंड दिले; घर ज्याने त्याने बांधायचे. आधी पत्रे, बोनस मिळाल्यावर स्लॅब, मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. सेक्टर-प्लॉटचा पत्ता रुक्ष खरा, पण या घराचा काळ कथनदृष्ट्या विलक्षण आहे: वर्तमान सदैव अपुरे, भविष्य विटांच्या हिशेबात. परात्मता, तुटलेपण या (काहीशा अतिवापराने गुळगुळीत झालेल्या) संज्ञा येथे थिट्या पडतात. जिना कोणत्या भिंतीला टेकवायचा, यावरून शेजाऱ्याशी होणारा तंटा हा गुंतलेपणाचा तंटा असतो.

2022 मध्ये मेट्रो जवळून धावू लागली, भोवती मनोरे उठले. भूखंडधारक खाली आणि भाडेकरू वर, ही नवी उतरंड त्याच अरुंद जिन्यावर समोरासमोर येते. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’चा (1965) निवेदक नाक्यावर उभा आहे, तेथून हा जिना दिसत नाही.