फादर स्टीफन्स यांची साष्टी : ‘ख्रिस्तपुराणा’चे पुनर्वाचन

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा विषय निघाला की आपल्याकडील विवेचन बहुधा दोन ठिकाणी थांबते : एक तर मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील प्रसिद्ध ओव्यांपाशी, नाही तर ख्रिस्ती आशयाला त्यांनी एतद्देशीय वेष चढविला या विधानापाशी. पहिल्याने ग्रंथाचे कौतुक होते, दुसऱ्याने वर्गीकरण. परंतु एक इंग्रज तरुण परक्या मुलखात येऊन असा ग्रंथ लिहिण्यास पात्र कसा झाला, हा प्रश्न दोहोंतही बाजूस राहतो. आमच्या मते ग्रंथाचे मर्म याच प्रश्नात आहे.

स्टीफन्स 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघाले व 24 ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय सुमारे तीस वर्षांचे होते. पोहोचल्यावर सतरा दिवसांनी त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात वारे, सागरी प्रवाह, मासे, पक्षी आणि खलाशांचे आजार यांचे बारकाईने वर्णन आहे. ज्या लोकांत आयुष्य कंठावयाचे त्यांच्याविषयी मात्र फारच थोडे. नवागताची दृष्टी अशीच असावयाची. बरोबर चार वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1583 रोजी, भावास लिहिलेल्या पत्रात ते येथील भाषांविषयी बोलतात आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळती असल्याचे नोंदवितात. दृष्टीच्या जोडीला आता कानही जागा झाला होता.

मात्र याच पत्रात दुसरीही एक हकीकत आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात साष्टीतील कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय मारले गेले होते. त्यांच्या हौतात्म्याचे स्मरण आपण करतो, ते उचितच आहे. पण त्यापूर्वी साष्टीतील देवळे राजसत्तेने पाडली होती आणि त्या घटनेनंतर गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. तरुण स्टीफन्स ज्या भूमीत रुळू पाहत होते ती अशी दुखावलेली होती. त्यांना लाभलेले संरक्षण आणि त्यांच्याविषयीचा संशय, दोहोंचे मूळ एकाच सत्तेत होते.

या पार्श्वभूमीवर ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग पुन्हा वाचावा. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? टीकाकार याला काव्याची सोयीस्कर प्रस्तावना समजतात. आम्हांस ती कबुली वाटते. ज्यांच्या घरातून कथा काढून घेतली गेली त्यांची उणीव येथे त्यांच्याच तोंडून मांडली गेली आहे, आणि कवीने ती दडपलेली नाही. तो जुन्या पुराणांचे खंडन करतोच. बंदीचा निषेध मात्र कोठेही करीत नाही. ही त्याची मर्यादा आपण स्पष्टपणे नोंदविली पाहिजे.

परंतु त्या मागणीस त्याने दिलेले उत्तर किती विचारपूर्वक आहे, हेही पाहावे. साष्टीतील लोकांची बोली कोकणी. धर्मशिक्षणासाठी स्टीफन्स यांनी कोकणीतच प्रश्नोत्तरी रचली. ती 1622 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली. त्यांचे कोकणीचे व्याकरणही 1640 मध्ये निघाले. पुराणासाठी मात्र त्यांनी मराठी व ओवी निवडली, कारण पुराण मराठीतच ऐकण्याची तेथील श्रोत्यांची रीत होती. आणि त्या मराठीत बोलीतील सोपे शब्दही मिसळले. घरात कोणती भाषा चालते आणि कथेस बसल्यावर कोणती, हा भेद कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकातून कळत नाही. तो लोकांत बसूनच कळतो. स्वर्गास वैकुंठ म्हणावयाचे आणि सांक्रामेंत हा शब्द तसाच ठेवावयाचा, हा विवेकही तेथूनच आला. म्हणूनच ‘वेष चढविला’ ही उपमा आम्हांस अपुरी वाटते. वेष बाहेरून चढविता येतो; श्रवणाने झालेला बदल आधी सांगणाऱ्यात व्हावा लागतो.

त्यास काळ किती लागला? ग्रंथ राशोल येथे 1616 मध्ये छापून निघाला, म्हणजे आगमनानंतर सदतीस वर्षांनी. देवनागरी खिळ्यांच्या अभावी तो रोमन लिपीत छापावा लागला. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1649 व 1654 मध्ये पुन्हा निघाला. पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉयच्या आज्ञेने लोकभाषेवरच बंदी घालण्यात आली, तेव्हा स्टीफन्स यांच्या श्रमांचे मोल त्यांच्याच पक्षाच्या सत्तेस उमगले नव्हते, हे दिसून आले.

आपल्या धर्मशिक्षकांना व तरुण पाळकांना आजही अपरिचित गावी, अपरिचित बोलीत पाठविले जाते. पहिल्या वर्षात त्यांनी काय शिकविले याचा अहवाल आपण मागतो. त्यांनी काय ऐकले, हे क्वचितच विचारतो. ‘ख्रिस्तपुराण’ वाचल्यावर हा दुसरा प्रश्नही विचारण्याची सवय आपणांस लागावी. तसेच, ज्यांना आपण सुवार्ता सांगू जातो त्यांच्याकडून पूर्वी काय हिरावले गेले आहे याचाही शोध घ्यावा. एवढे झाले तर त्या प्रसिद्ध ओव्यांचे पठण सार्थकी लागेल.