'नाही' म्हणणारा कोण? कोसंबींचं संशोधन आणि विद्याशाखांच्या सीमा

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे 'विद्याशाखांच्या सीमा ओलांडणारं संशोधन'. नाव भारदस्त आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर ते प्रत्येक प्रस्तावात लिहावंच लागतं. पण या नावाखाली इतकं काही खपवलं जातं, की हवेत बोलण्यापेक्षा मी एकाच माणसाचं काम पुढ्यात ठेवून बोलणार आहे. तो माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले, हार्वर्डला शिकले, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, आणि १९६६ साली पुण्यात वारले. गणित, जनुकशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा, पुरातत्त्व, समाजेतिहास एवढ्या ठिकाणी त्यांनी काम केलं. आपल्याकडे त्यांच्याविषयी दोन प्रकारे बोललं जातं. एकतर आरती, नाहीतर 'ते मार्क्सवादी होते' एवढं म्हणून निकाल. दोन्हींत त्यांचं काम वाचायचं राहून जातं. मला विचारायचं आहे ते असं : एकाच माणसाचं, एकाच बुद्धीचं काम काही ठिकाणी इतकं पक्कं आणि काही ठिकाणी इतकं सैल का झालं?

पक्क्यापासून सुरुवात करू. तक्षशिलेला आहत नाण्यांचा एक मोठा साठा सापडला होता. आहत म्हणजे ठसे मारलेली चांदीची नाणी. त्यांच्यावर ना राजाचं नाव, ना साल. नाणकशास्त्रज्ञ ठशांवरची चित्रं बघून तर्क लढवत होते. कोसंबींनी तराजू घेतला. त्यांचा विचार साधा होता. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. म्हणजे जुन्या नाण्यांचं सरासरी वजन कमी भरणार. शिवाय सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून वजनांतला फरकही काळाबरोबर वाढत जाणार. हे खरं आहे का, हे त्यांनी आधी आपल्या काळातल्या चलनी नाण्यांवर तपासलं, कारण त्यांच्यावर साल छापलेलं असतं. मग ते जुन्या नाण्यांकडे वळले. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असतात. व्यवहारात नाणं पारखताना त्या मारल्या गेल्या असाव्यात, असं त्यांनी मानलं. तसं असेल तर खुणा जास्त तिथं वजन कमी भरायला हवं. आणि तसंच भरलं.

यात गणित वापरलं म्हणून मी याला मोठं म्हणत नाही. वजन त्यांच्याविरुद्ध जाऊ शकत होतं, म्हणून म्हणतो. खुणा वाढल्या आणि वजन तेवढंच राहिलं, असं झालं असतं तर सगळी कल्पना तिथंच बसली असती. तराजूला कोसंबींच्या मताशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसरं उदाहरण जनुकशास्त्रातलं, १९४० च्या दशकातलं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे पिढ्यांमधल्या त्यांच्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून काढतात. पण एका जागी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. हाल्डेन यांच्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरून नवं सूत्र दिलं. पिकांचे जनुकीय नकाशे करणारे लोक आजही ते वापरतात. कोसंबी इतिहासकार होते, हे त्यांच्यातल्या अनेकांना माहीतही नसेल! इथंही हिशेब चुकला असता तर माश्या आणि मका यांनीच तो परत पाठवला असता.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, 'सर, म्हणजे विज्ञान भक्कम आणि मानव्यविद्या भुसभुशीत, असंच ना?' नाही. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती बघा, १९४८ सालची. शेकडो पोथ्या ताडून त्यांनी श्लोकांची वर्गवारी केली : खात्रीचे कोणते, संशयाचे कोणते, आणि नुसतेच कुठून तरी येऊन चिकटलेले कोणते. हे साहित्याचंच काम आहे. पण एखादा श्लोक संपादकाला कितीही आवडो, पोथ्यांची साक्ष नसेल तर तो खात्रीच्या गटात बसत नाही. इथं तराजूची जागा पोथ्यांनी घेतली आहे.

या आवृत्तीशेजारी १९५७ सालचं दुसरं काम ठेवा. विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' त्यांनी वा. वि. गोखले यांच्यासह संपादित केला आणि तो हार्वर्डच्या मालिकेत निघाला. संपादन त्याच शिस्तीचं आहे. पण प्रस्तावनेत कोसंबी संस्कृत काव्याचा निवाडा करतात, की हे काव्य दुसऱ्याच्या श्रमावर जगणाऱ्या वर्गाचं आहे, आणि त्याचे गुणदोष तिथूनच आले. मालिकेचे संपादक डॅनियल इंगल्स यांना हे पटलं नाही, आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. माझी तक्रार इंगल्स यांच्यापेक्षा वेगळी आहे. कवितेला वर्गाच्या नजरेनं वाचायला माझी काहीच हरकत नाही. पण कुठला श्लोक सापडला असता तर कोसंबी म्हणाले असते, की माझा सिद्धांत इथं लागू पडत नाही? श्लोक चांगला निघाला तर कवी वर्गाच्या वर उठला, वाईट निघाला तर वर्गानं त्याला बुडवलं. असा सिद्धांत कधी हरतच नाही. आणि जो हरूच शकत नाही, त्याच्या जिंकण्याला काय किंमत?

'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२ च्या पुस्तकातला मातृदेवतांवरचा निबंध या दोन टोकांच्या मधला आहे, आणि मला तोच सगळ्यात जास्त शिकवतो. 'मृच्छकटिका'त चारुदत्त विदूषकाला चव्हाट्यावर जाऊन मातृदेवतांना बळी ठेवायला सांगतो. चव्हाट्यावरच का? या एका प्रश्नावरून कोसंबी घराबाहेर पडतात आणि पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवतात. बोल्हाई, म्हातोबा यांची ठाणी बघतात, तिथल्या माणसांशी बोलतात, गारगोटीची बारीक अश्मयुगीन हत्यारं वेचतात, आणि म्हणतात : या जागा जुन्या पायवाटांच्या तिठ्यांवर आहेत, शेती येण्याच्या आधीच्या भटक्या माणसांच्या या वाटा आहेत. नाटकातल्या एका ओळीपासून पायाखालच्या दगडापर्यंत जाणारं असं दुसरं वाचन मला माहीत नाही.

तरीही इथं आपल्या न्यायशास्त्राचा प्रश्न विचारायला हवा, अन्वय आणि व्यतिरेकाचा. हत्यारं आहेत तिथं देवी आहे, हा झाला अन्वय. हत्यारं नाहीत तिथं देवी नाही, हा व्यतिरेक. देवी नसलेल्या किती टेकड्यांवर हत्यारं मिळतात? हत्यारं नसलेली ठाणी किती? पाणी जवळ, जागा उंच, वाट सोयीची, म्हणून अश्मयुगातला माणूसही तिथं बसेल आणि कालचा धनगरही. त्यावरून जागेचं सातत्य सिद्ध होतं, श्रद्धेचं नाही. नाण्यांच्या कामातली मोजणीची शिस्त या निबंधात तितकी दिसत नाही. ज्यांनी हजारो नाणी एकेक करून तोलली, त्यांना हे जमलं नसतं असं नाही. म्हणूनच चुटपुट लागते. हे काम चुकलेलं नाही, अर्धं राहिलेलं आहे. आणि पुढच्या पिढीनं ते पुरं करायच्या ऐवजी त्याचा निष्कर्षच पाठ केला.

आणि गणित? ते तर त्यांचं घर. पण १९५९ साली रीमानच्या अभ्युपगमाची सिद्धता म्हणून त्यांनी जे मांडलं, ते शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. गणितज्ञांनी ती सिद्धता मानली नाही, आणि तो प्रश्न आजही सुटलेला नाही. १९९६ साली ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञानं 'सोशल टेक्स्ट' नावाच्या नियतकालिकात भौतिकशास्त्राची परिभाषा पेरलेला थोतांड लेख छापून आणला, तेव्हा सगळे मानव्यविद्यांना हसले. कोसंबींनी मनापासून लिहिलं होतं आणि सोकलनं फसवायला, हा फरक मोठा आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. ज्याला 'नाही' म्हणता आलं असतं, तो वाचक वाटेत बसलेला नव्हता.

कुणाला इथं पॉपर आठवेल. पॉपरना विज्ञान आणि विज्ञानेतर यांच्यामध्ये रेघ ओढायची होती. मला ती रेघ प्रत्येक विषयाच्या आतून, किंबहुना एकाच माणसाच्या टेबलावरच्या कागदांमधून गेलेली दिसते. आपल्या जुन्या ग्रंथकारांना हे ठाऊक होतं. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धांताला हात घालायचा नाही, ही त्यांची रीत होती.

दुसऱ्या शाखेत जाताना आपण तिथले शब्द चटकन उचलतो. 'क्वांटम' उचलतो, 'जनुक' उचलतो, 'संरचना' उचलतो. शब्दांना जकात नाही. पण तिथं माणूस चुकला हे कसं ठरवतात, ती रीत उचलायला वर्षं लागतात. नाण्यांसाठी कोसंबींनी ती उचलली, पोथ्यांसाठी उचलली. जिथं उचलली नाही तिथं त्यांची प्रचंड विद्वत्ताही कामी आली नाही. मग आपली काय कथा?

तेव्हा संशोधनाला बसलेल्या तरुण मित्रांना एवढंच सांगतो. प्रस्तावात 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द जरूर लिहा, अनुदानासाठी तो लागतो. पण त्याखाली, स्वतःपुरतं का होईना, एक वाक्य लिहून ठेवा : अमुक सापडलं तर माझं म्हणणं चूक. ते वाक्य लिहिता येत नसेल तर अजून थोडं चाला, अजून थोडं तोला. आणि कोसंबींवर प्रेम असेल तर डोंगरावरच्या त्या ठाण्यांची मोजणी अजून बाकी आहे, ती कुणीतरी हाती घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.