भोपळ्याशेजारचा नरकासुर

न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या पायरीवर ऑक्टोबर सरताना दोघेजण शेजारी बसतात. एक डोळे कोरलेला भोपळा, दुसरा जीभ बाहेर काढलेला नरकासुर. भोपळा मुलांच्या शाळेतून आला, नरकासुर गोव्यातल्या माझ्या डिचोलीतून. हॅलोविनला येणारी शेजारची मुले नरकासुरासमोर अंमळ जास्तच रेंगाळतात.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळतो. मग अभ्यंगस्नान, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणे, आणि फोव, म्हणजे पोहे: दुधातले, ताकातले, नारळाच्या रोसातले. हल्ली तिकडे घरापेक्षा उंच नरकासुर उभे राहतात, स्पर्धा होतात, बाजारात तयार मुखवटे टांगलेले असतात. त्या कारागिरांचे हात थोरच आहेत. पण माझ्या लहानपणीचा नरकासुर वाड्यावरच्या पोरांचा होता. कमरेएवढा. बांबूच्या कामट्या, बाबांची विटकी पँट, पोटात सुके गवत. तो लहानगा, घरचा नरकासुर परदेशातल्या गोंयकार घरांत टिकून आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. म्हणूनच लिहायचे ते त्याच्याबद्दल.

गावी मातीच्या साच्यावर तेलाचा हात फिरवून कागद चिकटवायचे. इथे माझी मुलगी फुगा फुगवते. वर्तमानपत्राच्या पट्ट्या ती कात्रीने कापत नाही, हाताने फाडते. फाटलेली कड शेजारच्या पट्टीत मिसळून जाते, कापलेली उठून दिसते. मैद्याची खळ करायची, बुरशी धरू नये म्हणून तीत मीठ टाकायचे. एक थर उभा, एक आडवा, असे चार. दोन दिवसांनी फुग्याला टाचणी लावली की आतून फट् आवाज येतो आणि हातात हलके, कडक डोके उरते. ते उभे अर्धे कापले की मुखवटा तयार. नाकाला अंड्यांच्या पुठ्ठ्याचा खळगा, दातांना दुधाचा रिकामा कॅन, मिशांना मक्याच्या साली. पोटात मेपलची पाने. पहिल्या वर्षी ती ओलीच भरली आणि सकाळी नरकासुराचे पोट गुडघ्यांवर उतरले. तेव्हापासून पाने आधी गॅरेजमध्ये पसरतो.

भय काय असते ते आम्हांला हॅलोविनमुळे कळले असे नाही. माझी बायको पेडण्याची. कोजागरीला तिथे भगवतीच्या देवळाकडे पुनव भरते, रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगे, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात. देऊळ बांधून द्या म्हणत भूतनाथ रुसून रानाकडे निघतो आणि माणसे उद्याचा शब्द देऊन त्याला परत आणतात. डिचोली तालुक्यात साळला होळीच्या दिवसांत संचार झालेले गडे रात्री रानात धावतात, लोक अंधारात देवचाराच्या दिवट्यांकडे डोळे लावून जागतात. ती श्रद्धा आहे, तिच्याशी खेळायचे नसते. मुलांना आम्ही तसेच सांगतो. खेळायला नरकासुर आहे.

आणि हॅलोविन तरी कुठून आला? आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवा करत. तिथली माणसे अमेरिकेत आली, हाताशी मोठा भोपळा लागला आणि कोरणे त्यावर चालू राहिले. गवताच्या जागी मेपलची पाने भरताना मला ती माणसे आठवतात.

२०२४ साली गोव्यात नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती, ऐन हॅलोविनला. पहाटे आम्ही दिवे लावून मागच्या अंगणात जमलो. उघड्यावर जाळायचे नाही म्हणून मुलाने कृष्ण होऊन कागदी थाळीचे सुदर्शन फेकले. नरकासुर आडवा झाला, धड सोडवून पाने खताच्या ढिगात गेली. फोनवर डिचोलीहून आजी म्हणाली, "डोळे आणखी वाटोळे हवे होते गो."

मुखवटा मुलीने ठेवून घेतला होता. रंगाची डबी काढून तिने डोळे वाटोळे केले आणि संध्याकाळी तोच लावून दारोदार गेली. परत आली तेव्हा पिशवी चॉकलेटांनी भरली होती आणि नरकासुराचा एक दात पडला होता. तो तिने खिशात जपून आणला होता, पुढच्या वर्षासाठी.