बाण, वाट आणि वाटाड्या

गेल्या नोव्हेंबरात बाबा नाशिकहून आले होते. वय अडुसष्ट, पण तरुणपणी सह्याद्रीतले गड पालथे घातलेले. त्यांना 'इथला डोंगर' दाखवायचा म्हणून पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटवर नेलं. उंची जेमतेम ६३६ मीटर. "हा तर आपल्या चामरलेण्याचा थोरला भाऊ," असं बाबा खालूनच म्हणाले.

माझ्या खिशात एक नवं यंत्र होतं. मुठीत मावणारं, दोन बटणांचं. गाडी लावली की एक बटण दाबायचं, परत यायचं असलं की दुसरं. मग पडद्यावर एक बाण आणि एक आकडा येतो: गाडी कुठल्या दिशेला आणि किती लांब. "इतकं सोपं की लहान मूलही वापरेल," असं खोक्यावर लिहिलेलं. एडेलच्या वाहनतळावर मी बटण दाबलं, आणि आम्ही पेनाइन वेने अपर बूथ, जेकब्ज लॅडर करत किंडर लोच्या खांबापाशी पोचलो. तिथे धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. मी ऐटीत यंत्र काढलं. बाण पूर्व-आग्नेयेकडे, अंतर पावणेपाच किलोमीटर.

आम्ही बाणामागे निघालो. पाच मिनिटांत वाट संपली आणि पीटच्या काळ्या चिखलातल्या घळी सुरू झाल्या. एकीतून वर यावं तर पुढे दुसरी. बाण मात्र शांतपणे तिकडेच. मग पायाखालची जमीन उतरायला लागली, आणि बाबा थांबले. "बाण काय म्हणतोय ते सोड," ते म्हणाले, "आपण आलो कुठून?"

चिखलात आमच्याच बुटांचे ठसे होते. ते धरून आम्ही खांबापाशी परत आलो. ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा आणि होकायंत्र काढलं, आणि दक्षिणेची मळलेली वाट धरली. एडेलला पोचेपर्यंत अंधार पडला होता.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. गाडी खरंच त्या दिशेला होती. पण येतानाची वाट आधी दक्षिणेला उतरते आणि मग खोऱ्यातून पूर्वेला वळते. बाणाला मधला उतार माहीतच नव्हता. म्हणून माझी तक्रार त्या एका यंत्राविषयी नाही, 'सोपं' या शब्दाच्या अर्थाविषयी आहे. गाडी कुठे आहे हे सांगणं एक, आणि गाडीपर्यंत कसं जायचं हे सांगणं वेगळं. बाणवाली यंत्रं पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याचं दिल्यासारखं भासवतात.

हा फरक किती महागात पडू शकतो ते बेन नेव्हिसवर कळतं. माथ्यावरून धुक्यात उतरायचं तर आधी नकाशाच्या २३१ अंशांवर १५० मीटर जायचं आणि मग वळून २८० अंशांच्या आसपासची दिशा धरायची. हे वळण उगाच नाही: उजवीकडे गार्डीलू गलीचं तोंड आहे, पुढे डावीकडे फाइव्ह फिंगर गली. पायथ्याच्या वाहनतळाकडे सरळ बाण काढला तर तो नेमका ते वळण गाळतो. २०२१ साली जॉन म्यूर ट्रस्ट आणि माउंटनिअरिंग स्कॉटलंड यांनी गूगल मॅप्सबद्दल जाहीर इशारा दिला होता, तोही याच प्रकारचा: वाहनतळापासून माथ्यापर्यंत सरळ ठिपक्यांची रेघ, मध्ये कडे.

मग यंत्र घ्यावंच कशाला? कारण चकवा खरा आहे. रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो हे आपल्याकडे आजीच्या गोष्टीत असतं. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की आपण सरळ चाललोय असं वाटत असतानाच ती गोल फिरत होती. ब्रिटनमध्ये तर सूर्य न दिसणं हीच रीत.

चकव्यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे वाटाड्या. हरिश्चंद्रगडावरचा वाटाड्या 'गाव तिकडे' म्हणून बोट दाखवून मोकळा होत नाही. नेलं त्या वाटेने परत आणतो. यंत्राची कसोटी तीच हवी.

या कसोटीला गार्मिनचं जुनं ईट्रेक्स १० (२०११) उतरतं. दिसायला ओबडधोबड, पडदा काळापांढरा, पण आपण चाललेली रेघ ते नोंदवत जातं आणि 'ट्रॅकबॅक' निवडलं की त्याच रेघेवरून परत नेतं. म्हणजे चिखलातले ठसेच, फक्त पावसाने न पुसणारे. त्याचा मोठा दोष म्हणजे आत होकायंत्र नाही. उभं राहून दिशा विचारली तर खात्रीचं उत्तर मिळत नाही, चालत राहावं लागतं. घाबरलेला माणूस नेमका उभा राहतो. २०२३ च्या ईट्रेक्स एसईमध्ये होकायंत्र आहे, आणि दोन साध्या एए बॅटऱ्यांवर १६८ तासांपर्यंत चालतं असा कंपनीचा दावा आहे. पण त्यात नकाशा नाही. रेघ दिसते, रेघेच्या बाजूचा कडा दिसत नाही. नकाशा हवा तर रंगीत पडद्याचं २२एक्स. तिथे बॅटरीचा दावा २५ तासांवर येतो.

'फोन आहे की!' हे बरोबरच. नकाशा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही फोन जागा दाखवतो. पण ओल्या हातमोज्यांनी पडदा ऐकत नाही, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, आणि ९९९ लावायचा तोही त्याच फोनवरून. म्हणून वाटेचं काम दुसऱ्या यंत्राला द्यावं.

कुठलंही यंत्र घेतलंत तरी घरीच एक गोष्ट करा: सेटिंगमध्ये जागा 'ब्रिटिश ग्रिड'मध्ये आणि डेटम 'ऑर्डनन्स सर्व्हे जीबी' ठेवा. डेटम चुकला तर जागा साधारण १०० मीटरने सरकते. ९९९ ला आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ते स्वयंसेवक याच ग्रिडच्या नकाशावर आपल्याला शोधतात.

मी ते दोन बटणांचं यंत्र फेकलं नाही. वाहनतळ मोठा असला की गाडी शोधायला ते उत्तम आहे. डोंगरावर मात्र आता वापरलेलं ईट्रेक्स १० नेतो, सोबत नकाशा आणि होकायंत्र. बाबा परवा फोनवर म्हणाले, "नवं यंत्र घेतलंस म्हणे. परत कसं आणतं?"

"गेलो तसंच, बाबा."

"मग ठीक," ते म्हणाले. "पुढच्या वेळी वर जाऊ."