थुंकीची नळी आणि खानदानाचा शजरा

लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्या समाजात मुलाच्या शिक्षणाआधी एक प्रश्न हमखास येतो, 'खानदान कोणतं?' पूर्वी या प्रश्नाला उत्तर म्हणून शजरा दाखवीत. कापडात जपून ठेवलेल्या त्या कागदावर नावाखाली नाव उतरत यायचे आणि वरच्या टोकाला मदिना, बगदाद नाहीतर बुखारा असायचे. आता तेच काम करू म्हणणारी एक पेटी टपालाने घरी येते. तिच्यातल्या नळीत थुंकायचे, नळी परत पाठवायची, आणि काही आठवड्यांनी आपण किती टक्के कुठले याचा अहवाल हाती पडतो. परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांमुळे असे अहवाल आपल्या मोहल्ल्यांतही चर्चेत येऊ लागले आहेत. शजरा आणि हा अहवाल, दोन्हींकडे आम्ही मजकूर म्हणून पाहू इच्छितो. मजकूर काय सांगतो याइतकेच तो काय गाळतो हेही वाचकाने पाहायचे असते.

शजरा काय गाळतो हे उघड आहे. त्यात बहुधा बायका नसतात. आणि ज्यांनी चामडे कमावले, कापूस पिंजला, विणकाम केले, बांगड्या भरल्या, त्यांचे शजरे कुणी लिहिलेच नाहीत. अश्राफ आणि अजलाफ ही दरी रक्तात सापडण्याआधी कागदात सापडते.

अहवालाचे गाळणे मात्र चटकन दिसत नाही, कारण तो आकड्यांत बोलतो. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. घरगुती चाचणी त्यांतली साधारण सहा-सात लाख ठिकाणे तपासते आणि कंपनीकडे असलेल्या, आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी ती ताडून पाहते. तेव्हा 'बारा टक्के इराणी' याचा अर्थ बारा टक्के पूर्वज इराणहून आले, असा नव्हे. आपल्या डीएनएचा तेवढा भाग आजच्या इराणी नमुन्यांशी अधिक जुळला, एवढाच तो अर्थ. नमुन्यांचा साठा बदलला की त्याच थुंकीची टक्केवारीही बदलते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा तर फार बोलबाला असतो. पण दहा पिढ्या मागे गेलो तर आपल्या पूर्वजांच्या १०२४ जागा होतात आणि वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाची खबर देते. शजऱ्याप्रमाणे इथेही आजी-पणजी बाहेरच!

आपल्याविषयी शास्त्रज्ञ काय म्हणतात? भारतीय उपखंडातल्या, स्वतःला सय्यद म्हणवणाऱ्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात अरबी अंश काहीसा अधिक आढळला, पण ते सारे नजीकच्या काळातल्या एकाच पुरुषाचे वंशज असल्याचे दिसले नाही. त्याच वर्षी भारतातल्या निरनिराळ्या मुस्लिम गटांचा दुसरा अभ्यास आला. हे गट आपापल्या प्रदेशातल्या मुस्लिमेतर शेजाऱ्यांशीच मोठ्या प्रमाणात जुळतात, बाहेरचा अंश आहे पण थोडा, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी चुकीचा वाचला जातो. आपल्यातले काही जण त्या थोड्या अंशालाच कवटाळून अरबस्तानची ऐट मिरवतात. दुसरीकडे काही जण उरलेला मोठा अंश पुढे करून म्हणतात, 'तुम्ही मूळचे आमचेच, मग परत या.' दोघेही थुंकीकडून एकच गोष्ट वदवून घेऊ पाहतात, की माणूस कोण हे त्याच्या रक्ताने ठरावे. आपण इथले आहोत हे सिद्ध करायला आम्हाला नळीची गरज वाटत नाही. आणि एखाद्याचा अहवाल उद्या साठ टक्के परका निघाला, तर काय त्याचे नागरिकत्व साठ टक्क्यांनी कमी करायचे?

या संदर्भात टोनी जोसेफ यांचे 'अर्ली इंडियन्स' (२०१८) हे इंग्रजी पुस्तक वाचण्याजोगे आहे. भारतीय माणूस अनेक स्थलांतरांतून घडला, 'शुद्ध' कुणीच नाही, हे त्यांनी सोप्या भाषेत मांडले आहे. मात्र समजावण्यासाठी त्यांनी घेतलेल्या पिझ्झाच्या उपमेबद्दल आमची तक्रार आहे. त्या पिझ्झाची पोळी म्हणजे आफ्रिकेतून आलेले आद्य भारतीय, त्यावर हडप्पाकालीन लोकांचा सॉस, मग पुढचे थर, आणि अगदी वर ग्रीक, शक, हूण, मोगल यांची तुरळक पखरण. शास्त्र म्हणून हे खरे असेलही. पण सर्वसाधारण वाचक 'मोगल' हा शब्द वाचून सगळ्याच मुसलमानांना त्या पखरणीत टाकतो. बागवान, आत्तार, पिंजारी, शिकलगार, मोमीन हे वरून भुरभुरलेले नाहीत. ते पोळीतच मळलेले आहेत. हे लेखकाला अमान्य नसावे, पण उपमा ते सांगत नाही.

आम्हा येरवडेकरांना हा विषय परका नाही. आमच्या येरवड्यातल्याच डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी १९३९ पासून समाजशास्त्र-मानवशास्त्राचे काम केले. त्याआधी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या होत्या. युरोपीय वंश बुद्धीने श्रेष्ठ, हे कवटीच्या आकारावरून दाखवता यावे अशी तिथली अपेक्षा होती. मोजमापे तसे सांगत नाहीत, असे इरावतीबाईंनी आपल्या प्रबंधात नोंदवले. पुढे महाराष्ट्रातल्या जातींची मोजमापे घेताना कुंभार या एकाच नावाखाली मुळात वेगवेगळे गट नांदतात, हे त्यांनी दाखवले. एक नाव म्हणजे एक रक्त नव्हे, हा धडा सय्यद-शेख म्हणवणाऱ्यांनाही लागू पडतो. याच संस्थेचे वसंत शिंदे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्याचा डीएनए प्रसिद्ध केला. साठांहून अधिक नमुने तपासले, तेव्हा एका स्त्रीचा डीएनए वाचता आला. त्या एका बाईच्या हाडांवरून आर्य आले की नाही यावर देशभर भांडण पेटले. शास्त्राने तोलून बोलावे आणि ऐकणाऱ्याने आपल्याला हवे तेच ऐकावे, असे नेहमी होते.

कोकणातले बेने इस्रायल याबाबतीत आपल्यापेक्षा अनुभवी आहेत. रायगडातले हे 'शनिवार तेली' मराठी बोलत, घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. ते खरे यहुदी की नाहीत हा वाद इस्रायलमध्ये झाला आणि १९६४ साली त्यांच्या बाजूने मिटला. यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचे मिश्रण त्यांच्यात असल्याचे सांगणारा डीएनए-अभ्यास आला २०१६ मध्ये. म्हणजे बावन्न वर्षे आधीच त्यांनी आपली ओळख शनिवार पाळून, सण पाळून, भांडून मिळवली होती.

एक व्यावहारिक धोकाही सांगायला हवा. थुंकी एकट्याची नसते, तिच्यात भावंडांची आणि मुलांचीही माहिती असते. 'ट्वेंटी-थ्री-अँड-मी' या नामांकित अमेरिकन कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लोकांच्या वंशाची माहिती मालमत्ता म्हणून विक्रीला निघाली. शजरा निदान घरच्या पेटीत तरी राहत असे.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारे म्हणून आम्हाला तिसरा एक मजकूर या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद मागितली जाते. मुलगी बारावी होते, बाप आजोबांच्या दाखल्याचा शोध घेतो, आणि जातीच्या रकान्यात पुष्कळदा एवढेच सापडते, 'मुसलमान'. आजोबा पिंजारी होते हे सगळ्या गल्लीला ठाऊक असते, कागदाला नसते. त्या मुलीची फी, तिचा प्रवेश, तिचे पुढचे आयुष्य या एका कोऱ्या शब्दावर अडते. इथे कोणतीही नळी कामाला येत नाही. 'आम्ही शेख' म्हणण्याच्या हौसेपायी ज्यांनी आपले कसब लपवले, त्यांची नातवंडे ही किंमत मोजत आहेत.

शजरा या शब्दाला आपल्या परंपरेत दुसराही अर्थ आहे. पीर आणि मुरीद यांच्या सिलसिल्यालाही शजराच म्हणतात. 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद हे चांद बोधल्यांचे शिष्य, आणि परंपरा सांगते की एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य. या नात्याने शेख महंमद आणि एकनाथ एकाच घराण्याचे ठरतात. कोणत्याही प्रयोगशाळेत हे नाते उमटणार नाही, पण मराठी भाषेत ते चारशे वर्षे उमटलेले आहे.

आपल्या लेखकांनी हाच शजरा पुढे लिहावा, असे आम्हाला वाटते. आजी कोणती बोली बोलायची, आजोबा कोणते हत्यार वापरायचे, कोणत्या गावाहून का निघाले, हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन बसायला पैसे पडत नाहीत आणि जे हाती येते ते आपलेच राहते.