विषयनिवड आणि उपयुक्ततेचा निकष

दहावीनंतरच्या विषयनिवडीची चर्चा बहुधा एका गृहीतावर उभी असते. भावी व्यवसाय आधी ठरवावा आणि त्यास आवश्यक तेवढेच विषय घ्यावेत, हे ते गृहीत होय. गणित सोडल्यास अभियांत्रिकीची आणि जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकाची वाट अवघड होते. तेव्हा या विचारात तथ्य नाही, असे म्हणता येत नाही. प्रश्न असा की, व्यवसायास आवश्यक काय, हे ठरविण्याचा निकष कोणता?

या निकषाची पहिली झळ मराठीस लागते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. कनिष्ठ महाविद्यालयात मात्र तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान किंवा पीकशास्त्रासारखा द्विलक्षी विषय घेण्याची मुभा अनेक वर्षे राहिली. इंदापूर तालुक्यातील वरकुट्याचा एखादा विद्यार्थी कृषिपदवी मनात धरून पीकशास्त्र घेतो आणि मराठी सोडतो, तेव्हा त्याची निवड प्रचलित निकषानुसार अचूकच ठरते. गुणांची चिंता आणि जवळच्या महाविद्यालयात मिळतील ते विषय, या मर्यादांत वावरणाऱ्या त्या विद्यार्थ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. दोष निकषाचा आहे.

हाच विद्यार्थी पुढे कृषिपदवीधर होऊन ऊस आणि डाळिंब पिकविणाऱ्या आपल्या मुलखात परत येतो, असे धरू. मातीपरीक्षणाचा अहवाल, अतिरिक्त पाण्याने जमिनीत साठणारे क्षार, ठिबक सिंचनाचे वेळापत्रक हे सारे त्याला शेतकऱ्यास मराठीत समजावून द्यावयाचे असते. ज्ञान इंग्रजी पाठ्यपुस्तकातले, श्रोता मराठी आणि सांगणाऱ्याची भाषा दहावीत थांबलेली, अशी ही स्थिती आहे. व्यवसायासाठी सोडलेला विषयच व्यवसायात उणा पडतो.

हा विरोध मुळात नव्हता. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणासाठी मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, व्याकरण आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांची मागणी एकत्रच केली होती. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) अभ्यासक्रमाचे सात गट सुचविले व त्यांत शेतीस स्वतंत्र स्थान दिले. परंतु भाषा सर्व गटांना समान ठेवल्या. वैविध्याची शिफारस स्मरणात राहिली, समान गाभा विसरला गेला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे सर्वांना सामान्य शिक्षण देण्याचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला, विज्ञान व व्यवसाय यांतील कठोर भिंती नाकारल्या आहेत.

मराठीच्या अध्यापकांनीही या दोषाचा आपला वाटा स्वीकारणे अवश्य आहे. भाषाविषय म्हणजे केवळ वाङ्मयाचा आस्वाद, अशी समजूत त्यांनीच दीर्घकाळ पोसली. २०२० च्या बारावीच्या 'युवकभारती'त मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख यांचा समावेश झाला, ही सुधारणा स्वागतार्ह खरी. तथापि माहितीपत्रक आणि अहवाल यांची ज्याला सर्वाधिक गरज, तो पीकशास्त्राचा विद्यार्थी त्या वर्गात नसतो. अभ्यासक्रम बदलला, पण तो ज्याच्यासाठी बदलावयाचा तो वर्गाबाहेरच राहिला. उपयुक्ततेचा निकष टाकून देण्याचे कारण नाही. तो पुरता लावला जात नाही, एवढेच त्याच्याविरुद्ध म्हणणे आहे.